डेटाबेस ड्रायव्हर चालत नाही? आधी एररमधले कंस वाचा

सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडलं जात नाही तेव्हा येणाऱ्या एररमध्ये ड्रायव्हरचं नाव हमखास असतं. मग पहिला संशय ड्रायव्हरवर. तो काढून पुन्हा टाकला जातो, मशीन रीस्टार्ट होते, आणि एरर जिथल्या तिथे. खरं तर ड्रायव्हर हा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला निरोप्या आहे. सर्व्हर बंद असो, पासवर्ड चुको, फायरवॉल पोर्ट अडवो, बातमी तोच आणतो आणि शिव्याही तोच खातो. म्हणून काहीही काढण्याआधी, टाकण्याआधी मागणी नेमकी कुठपर्यंत पोचली हे ठरवायचं. ते एररमध्येच लिहिलेलं असतं.

पुढची माहिती विंडोज मशीनवरच्या ओडीबीसी (प्रोग्राम डेटाबेसला जोडायची एक ठरलेली पद्धत) जोडणीबद्दल आहे: प्रोग्राम एका मशीनवर, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर, मध्ये नेटवर्क. उदाहरणं मुख्यतः एसक्यूएल सर्व्हरची आहेत. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि ऑरॅकलचे स्वतःचे त्रास त्या त्या ठिकाणी येतील.

शेवटचा कंस काय सांगतो

ओडीबीसीच्या एररला ठरलेला साचा आहे. आधी पाच अक्षरांचा कोड, मग चौकटी कंसांची रांग, मग वाक्य. पहिल्या कंसात ड्रायव्हर बनवणाऱ्याचं नाव, पुढच्यात ओडीबीसीच्या कोणत्या भागाने तक्रार केली ते, आणि तक्रार खुद्द डेटाबेसची असेल तरच शेवटी आणखी एक कंस डेटाबेसच्या नावाचा. त्यामुळे शेवटचा कंस बघायचा:

१. शेवटी 'ओडीबीसी ड्रायव्हर मॅनेजर' (प्रोग्रामसाठी ड्रायव्हर शोधून लोड करणारा विंडोजचा भाग) असेल तर मागणी मशीनच्या बाहेर पडलेलीच नाही. सर्व्हर, केबल, पासवर्ड यांचा विचार करू नका. घोळ याच मशीनवर आहे.

२. शेवटी ड्रायव्हरचं नाव असेल तर ड्रायव्हर लोड झाला आहे, पण तो सर्व्हरपर्यंत पोचला नाही, किंवा पोचला आणि सुरुवातीचं बोलणं फिसकटलं. विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या एसक्यूएल सर्व्हर ड्रायव्हरच्या एररमध्ये शेवटी 'डीबीनेटलिब' दिसतं. तो नेटवर्कचा थर आहे, म्हणजे तेही याच गटात.

३. शेवटी 'एसक्यूएल सर्व्हर' असं डेटाबेसचं नाव असेल तर उत्तर सर्व्हरने दिलं आहे. ड्रायव्हरला हात लावायचं कारण उरत नाही.

एरर हाताने उतरवून घेऊ नका. विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सवर कंट्रोल-सी दाबलं की सगळा मजकूर कॉपी होतो. काही प्रोग्राम मात्र मूळ एरर गिळून नुसतं 'कनेक्शन फेल्ड' दाखवतात. तेव्हा प्रोग्रामची लॉग फाइल किंवा इव्हेंट व्ह्यूअर बघा. तिथेही काही नसेल तर ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये (ड्रायव्हर आणि जोडण्या बघायचं विंडोजमधलं साधन) त्याच ड्रायव्हरने तात्पुरता डीएसएन, म्हणजे नाव देऊन साठवलेली जोडणीची माहिती, बनवा. ड्रायव्हरच्या पडद्यांवर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की खरी एरर दिसते.

मशीनमधला घोळ: ३२ आणि ६४

या गटातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: प्रोग्राम ३२-बिट आणि ड्रायव्हर ६४-बिट, किंवा उलट. ३२-बिट प्रोग्राम फक्त ३२-बिट ड्रायव्हर लोड करू शकतो. विंडोज ६४-बिट आहे की नाही याचा इथे काही उपयोग नाही, प्रोग्राम कोणता आहे ते महत्त्वाचं.

प्रोग्राम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स' टॅबवर जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' मधून 'प्लॅटफॉर्म' हा रकाना आणा. समोर ३२ की ६४ ते दिसेल. एक्सेलचं बघायचं तर 'फाइल', 'अकाउंट', 'अबाउट एक्सेल'. आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) चालणारी वेबसाइट असेल तर तिच्या अ‍ॅप्लिकेशन पूलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये '३२-बिट अ‍ॅप्लिकेशन्स' चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ६४-बिट सर्व्हरवरही तिला ३२-बिट ड्रायव्हरच लागतो.

आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. विंडोजमध्ये तो दोन प्रतींत असतो, आणि दोन्हींच्या फाइलचं नाव एकच: 'ओडीबीसीएडी३२'. विंडोज फोल्डरमधल्या 'सिस्टम३२' मध्ये आहे तो ६४-बिट, आणि 'सिसवॉव६४' मध्ये आहे तो ३२-बिट. नावं उलटी वाटतात, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती तशीच ठेवली गेली आहेत. फोल्डरवरून अंदाज करत बसू नका. उघडलेल्या खिडकीच्या शीर्षकात ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेलं असतं, तेच धरा.

योग्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडल्यावर क्रम असा:

१. 'ड्रायव्हर्स' टॅबवर हवा तो ड्रायव्हर यादीत आहे का? नसेल तर त्याच बिटचा ड्रायव्हर टाका. एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरचा ६४-बिट इन्स्टॉलर दोन्ही प्रती टाकतो. मायएसक्यूएलच्या दोन प्रती वेगवेगळ्या टाकाव्या लागतात.

२. ड्रायव्हर आहे, पण डीएसएन कुठल्या टॅबवर आहे? 'यूजर डीएसएन' ज्या लॉगिनने बनवला फक्त त्यालाच दिसतो. हाताने चालवला की प्रोग्राम चालतो आणि रात्रीचं शेड्यूल केलेलं काम पडतं, याचं कारण बहुधा हेच. सर्व्हिस वेगळ्या खात्याखाली चालते, तिला तुमचा यूजर डीएसएन माहीतच नसतो. सर्व्हिससाठी 'सिस्टम डीएसएन' बनवा.

३. प्रोग्राममध्ये लिहिलेलं नाव आणि डीएसएनचं नाव अक्षरशः जुळतं का? कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (प्रोग्राम जोडणीची माहिती देतो ती ओळ) डीएसएनऐवजी थेट ड्रायव्हरचं नाव दिलं असेल तर ते 'ड्रायव्हर्स' टॅबवर आहे तसंच हवं. स्ट्रिंगमध्ये 'ओडीबीसी ड्रायव्हर १७' आणि मशीनवर फक्त १८ असेल तर १८ आपोआप वापरला जात नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. जुना प्रोग्राम असेल तर १७ टाकणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

आता कोड. आयएम००२ म्हणजे डेटा सोर्सचं नाव सापडलं नाही. वरच्या तीन पायऱ्यांत कारण मिळतं. आयएम०१४ म्हणजे डीएसएन सापडला, पण बिट जुळत नाही. यूजर डीएसएन दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये दिसतात, म्हणून 'दिसतोय तर चालत का नाही' असं होतं. यादीतला 'प्लॅटफॉर्म' रकाना वाचला की उलगडा होतो.

आयएम००३ जरा खोलातला. ड्रायव्हरची नोंद आहे, पण फाइल लोड होत नाही. वाक्यात सिस्टम एररचा आकडा असतो, तो सोडू नका. १२६ असेल तर ड्रायव्हरची फाइल किंवा तिला लागणारी दुसरी एखादी फाइल गायब आहे. फाइल जागेवर असूनही १२६ येत असेल तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज त्याच बिटचं टाका. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरबाबत हे वारंवार घडतं. १९३ असेल तर रजिस्ट्रीतली नोंद चुकीच्या बिटच्या फाइलकडे बोट दाखवते आहे. असं सहसा फाइल हाताने इकडून तिकडे कॉपी केल्यावर होतं, तेव्हा ड्रायव्हर काढून इन्स्टॉलरनेच टाका.

ड्रायव्हर काढून टाकला तरी त्याचे डीएसएन मागे राहतात. ते उघडायला किंवा पुसायला गेलं की 'सेटअप रूटीन्स' लोड झाले नाहीत अशी एरर येते. तोच ड्रायव्हर पुन्हा टाका, डीएसएन पुसा आणि मग ड्रायव्हर काढा. रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा हे बरं.

अ‍ॅक्सेस फाइलचा ड्रायव्हर हे वेगळंच दुखणं आहे. जुना जेट ४.० फक्त ३२-बिट. त्याची ६४-बिट प्रत नाहीच. त्याच्या जागी एसीई वापरायचा, पण मशीनवर ३२-बिट ऑफिस असेल तर ६४-बिट एसीईचा इन्स्टॉलर अडून बसतो. जबरदस्ती करण्यापेक्षा प्रोग्राम आणि ऑफिस एकाच बिटचे ठेवा. अ‍ॅक्सेस फाइल नेटवर्कवर असेल तर डीएसएनमध्ये झेड किंवा वाय असा मॅप केलेला ड्राइव्ह देऊ नका. मॅपिंग त्या त्या लॉगिनपुरतं असतं, सर्व्हिसला ते दिसत नाही. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या.

मशीनबाहेर: नाव, पोर्ट, इन्स्टन्स

कोड ०८००१ किंवा एचवायटी०० आणि शेवटच्या कंसात ड्रायव्हर, म्हणजे वाट नेटवर्ककडे जाते. इथेही वाक्यातला किंवा त्याच्या आगेमागे आलेला आकडा शोधा. ११००१ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ता मिळाला नाही. १००६१ म्हणजे ते मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. १००६० म्हणजे काहीच उत्तर नाही. बहुधा फायरवॉलने मागणी मुकाट्याने टाकून दिली, किंवा पत्ता चुकीच्या मशीनचा आहे. नकार आणि शांतता यांतला हा फरक लक्षात ठेवला तर बरेच तास वाचतात: नकार आला तर सर्व्हरची सर्व्हिस बघा, शांतता असेल तर फायरवॉल बघा.

नावापासून सुरुवात करा. सर्व्हरच्या नावाने पिंग करा आणि आलेला आयपी पत्ता खरा आहे का ते तपासा. पिंगला उत्तर आलंच पाहिजे असं नाही, अनेक ठिकाणी ते बंद असतं. आपल्याला फक्त पत्ता हवा आहे. 'एनएसलुकअप' वेगळा पत्ता सांगत असेल तर चक्रावू नका. तो थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो, तर पिंग आणि ड्रायव्हर मशीनवरची 'होस्ट्स' फाइलही वाचतात. सर्व्हर हलवल्यावर त्या फाइलमध्ये राहून गेलेली जुनी ओळ हे एकाच मशीनवर त्रास होण्याचं नेहमीचं कारण आहे.

मग पोर्ट. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', सर्व्हरचं नाव आणि '-पोर्ट' पुढे क्रमांक. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा आहे. नेहमीचे पोर्ट: एसक्यूएल सर्व्हर १४३३, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, ऑरॅकल १५२१. ही चाचणी ज्या मशीनवर त्रास आहे तिथूनच करा. सर्व्हरवर बसून केली तर फायरवॉलची परीक्षा होतच नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव दिलेला इन्स्टन्स (त्याच मशीनवर वेगळ्या नावाने चालणारी एसक्यूएल सर्व्हरची प्रत) असेल तर आणखी एक गाठ आहे. असा इन्स्टन्स मुळात १४३३ वर नसतो, तर सुरू होताना मिळेल तो पोर्ट घेतो. तो कोणता हे सांगायचं काम 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' ही सर्व्हिस यूडीपी १४३४ वर करते. ती बंद असली किंवा यूडीपी अडलं की एरर २६ येते, 'इन्स्टन्स सापडत नाही'. मला विचाराल तर ब्राउझरच्या भरवशावर राहू नये. पोर्ट कायमचा बांधून टाकावा:

१. सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, त्या इन्स्टन्सच्या 'प्रोटोकॉल्स' मध्ये 'टीसीपी/आयपी' चालू करा. एक्सप्रेस आवृत्तीत ते मुळात बंदच असतं.

२. त्याच्या 'आयपी अ‍ॅड्रेसेस' टॅबवर अगदी खाली 'आयपीऑल' मध्ये 'डायनॅमिक पोर्ट्स' चा रकाना पूर्ण रिकामा करा. शून्यही ठेवू नका. शून्य म्हणजे 'मिळेल तो पोर्ट'. खालच्या 'टीसीपी पोर्ट' मध्ये क्रमांक लिहा.

३. एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर बदल लागू होत नाही. त्यानंतर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये त्या टीसीपी पोर्टसाठी इनबाउंड नियम घाला.

४. क्लायंटच्या डीएसएनमध्ये सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, पोर्ट असं लिहा. स्वल्पविरामच हवा. विसर्गासारखे दोन ठिपके देऊन पोर्ट लिहायची सवय इतर डेटाबेसवरून लागते आणि इथे ती तासभर खाते.

पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरच ऐकतं. त्यामुळे नव्या सर्व्हरला बाहेरून १००६१ आला तर 'लिसन अ‍ॅड्रेसेस' ही सेटिंग बदलून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. ऑरॅकलचा १२१५४ मात्र नेटवर्कचा वाटला तरी मशीनमधलाच आहे: ड्रायव्हरला 'टीएनएसनेम्स' (डेटाबेसची नावं आणि पत्ते असलेली) फाइल मिळाली नाही किंवा तिच्यात ते नाव नाही. 'टीएनएस अ‍ॅडमिन' हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल फाइल असलेल्या फोल्डरवर लावा. एकाच मशीनवर दोन ऑरॅकल क्लायंट असतील तर भलतीच फाइल वाचली जाते. १२५४१ म्हणजे लिसनर (जोडणीच्या मागण्या ऐकणारा ऑरॅकलचा भाग) बंद, १२५१४ म्हणजे लिसनर चालू पण ती सर्व्हिस त्याला ठाऊक नाही.

रस्ता मोकळा, तरी बोलणं जमत नाही

पोर्टची चाचणी पास आणि तरी एररच्या शेवटी ड्रायव्हरच, तर एन्क्रिप्शन बघा. एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ हा २०२२ मध्ये आला आणि त्याने एक मोठा बदल केला: एन्क्रिप्शन मुळातच सक्तीचं. १७ पर्यंत ते बंद धरलं जायचं. म्हणून ड्रायव्हर अपडेट केल्याच्या दिवशीच 'सर्टिफिकेट चेन' वर विश्वास नाही अशी एरर येते. सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट क्लायंट मानत नाही.

खरा उपाय म्हणजे क्लायंट मानतील अशा संस्थेचं सर्टिफिकेट सर्व्हरवर बसवणं. तोवरची तडजोड म्हणजे 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' ला 'यस' देणं. यात डेटा एन्क्रिप्ट होऊनच जातो, पण समोरचा सर्व्हर खरा आहे याची खात्री होत नाही. बंदिस्त ऑफिस नेटवर्कमध्ये चालवून घेता येईल. इंटरनेटवरून जोडणी असेल तर नको. 'टार्गेट प्रिन्सिपल नेम' चुकीचं आहे असं वाक्य आलं तर सर्टिफिकेट ठीक आहे, पण त्यावर सर्व्हरचं जे नाव आहे त्याऐवजी तुम्ही आयपी पत्त्याने किंवा टोपणनावाने जोडताय. नाव बदला, काम होईल.

सर्व्हरने नकार दिला

१८४५६ म्हणजे लॉगिन नाकारलं. क्लायंटला कारण मुद्दामच सांगितलं जात नाही, नाहीतर पासवर्ड तपासत बसणाऱ्याला मदत व्हायची. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये 'स्टेट' च्या आकड्यात असतं: ५ म्हणजे तो यूजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो आणि तुम्ही एसक्यूएलचं दिलंय. पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर कनेक्शन स्ट्रिंग तिथेच तुटते. असा पासवर्ड महिरपी कंसात घाला.

विंडोज लॉगिनने जोडताना 'एसएसपीआय कॉन्टेक्स्ट' तयार होत नाही असं आलं तर आधी दोन्ही मशीनची घड्याळं बघा. केर्बेरॉसला (विंडोज लॉगिन तपासायची पद्धत) मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. घड्याळ ठीक असेल तर एसक्यूएल सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो ते अलीकडे बदललंय का विचारा. तसं असेल तर एसपीएनची (सर्व्हिस कोणत्या खात्याखाली आहे ते सांगणारं नाव) जुनी नोंद दुसऱ्या खात्यावर राहिलेली असते.

मायएसक्यूएलने ८.० पासून पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली. त्यामुळे जुना ड्रायव्हर एरर २०५९ देतो. यूजरला जुन्या पद्धतीवर नेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळात बंद आणि ९.० मधून ती काढलेलीच आहे. ड्रायव्हरच बदला. पोस्टग्रेसमध्ये तसंच: १४ व्या आवृत्तीपासून स्क्रॅम ही मूळ पद्धत झाली, आणि जुने ड्रायव्हर 'ऑथेंटिकेशन टाइप १०' चालत नाही म्हणतात. इथे दोष खरोखर ड्रायव्हरचाच आहे.

नावं आणि पत्ते प्रश्नचिन्हांत दिसत असतील तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या बाबतीत आधी डीएसएनमध्ये एएनएसआय ड्रायव्हर निवडलाय का ते पाहा. दोघांचेही युनिकोड आणि एएनएसआय असे दोन ड्रायव्हर यादीत शेजारी असतात. देवनागरी मजकुरासाठी युनिकोडच घ्या.

जोडलं जातं, मग तुटतं

कोड ०८एस०१, 'कम्युनिकेशन लिंक फेल्युअर'. ठरावीक वेळ काम न केल्यावर तुटत असेल तर मधलं काहीतरी रिकामी जोडणी कापतं. मायएसक्यूएल स्वतःच २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी कापतं. रात्रभर उघडा ठेवलेला प्रोग्राम सकाळी पहिल्याच क्लिकला पडतो तो यामुळे. फायरवॉल त्याहून बरंच आधी कापू शकते. लॅपटॉपवर नेटवर्क कार्डच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची वीज वाचवायची टिकही काढून बघा.

छोटी क्वेरी चालते आणि मोठा रिपोर्ट लटकतो, तेही फक्त व्हीपीएनवर, तर पॅकेटचा आकार तपासा. पिंगला '-एफ -एल १४७२' जोडा. १४७२ मध्ये २८ बाइटचे हेडर मिळवले की १५०० होतात, इथरनेटची नेहमीची मर्यादा. 'फ्रॅगमेंट करावं लागेल' असं उत्तर आलं तर आकडा १० ने कमी करत जा. जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवून तो आकार व्हीपीएनच्या एमटीयूमध्ये (पॅकेटच्या कमाल आकाराची सेटिंग) द्या.

तरीही सापडलं नाही तर ट्रेस

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या 'ट्रेसिंग' टॅबवर लॉग फाइलची जागा द्या, 'स्टार्ट ट्रेसिंग नाऊ' दाबा. मग प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवा, कारण आधीपासून चालू असलेला प्रोग्राम सहसा ट्रेसमध्ये येत नाही. ३२-बिट प्रोग्रामसाठी ३२-बिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमधूनच सुरू करा. फाइल खालून वर वाचा आणि 'एसक्यूएल एरर' असलेली पहिली ओळ शोधा. तिच्या जरा वर प्रोग्रामने नेमकी कोणती कनेक्शन स्ट्रिंग दिली ते दिसतं. डीएसएन दुरुस्त करूनही फरक पडत नाही अशा अनेक तक्रारींत इथे कळतं की प्रोग्राम तो डीएसएन वापरतच नव्हता.

ट्रेस चालू असेपर्यंत सगळं मंद होतं आणि फाइल झपाट्याने फुगते. काम झालं की तो लगेच बंद करा. त्या स्ट्रिंगमध्ये पासवर्ड असू शकतो, म्हणून फाइल कुणाला पाठवण्याआधी तो खोडा आणि नंतर फाइलच पुसून टाका.